वरची खोली आणि ब्रिटनचा निषेध

वर्धेच्या एका सभ्य कॉलनीत बबनरावांच्या घरी वरची खोली रिकामी होती आणि खाली वर्णद्वेष निषेध समितीचं कार्यालय होतं. लंडनमध्ये त्यांच्या मुलाला, सचिनला, एका गोऱ्याने नाव ऐकून खोली नाकारली, त्याच आठवड्यात समिती स्थापन झाली.

मोनालीला सोमवारपासून कॉलेजात इतिहास शिकवायला साडेसातला हजर व्हायचं होतं आणि तिच्या गावाहून, हिंगणीहून, पहिली एसटी पोचायची नऊला. खोली नाही तर नोकरीवर पाणी. त्यामुळे समितीने व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा ती एका दगडात दोन पक्षी मारायला निघाली. पत्रिकेत नुसतं 'मोनाली मॅडम' छापलं होतं.

ती रंगून बोलली. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये घराघरांच्या खिडक्यांत 'काळ्यांना जागा नाही' अशा पाट्या असत. ब्रिस्टलची बस कंपनी काळ्यांना कंडक्टर म्हणून घेईना, तेव्हा त्यांनी बसवरच बहिष्कार टाकला आणि चार महिन्यांत कंपनीला नमवलं. बबनरावांनी डोळे पुसले. ब्रिटनच्या निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला, प्रत कलेक्टरसाहेबांना.

चहाच्या वेळी मोनालीने खोलीचं विचारलं.

"आपलंच घर समजा मॅडम," बबनराव म्हणाले. मग रीतीप्रमाणे त्यांनी पूर्ण नाव विचारलं, गाव विचारलं, गावात घर कोणत्या बाजूला तेही विचारलं. चहा निवायच्या आत खोलीत भाचा राहायला येणार असल्याचं निष्पन्न झालं.

मोनालीला राग आला आणि हसूही. तिने समितीकडे लेखी तक्रार केली. अध्यक्ष बबनरावांनी घरमालक बबनरावांची रीतसर चौकशी करून अहवाल दिला: दारावर पाटी आढळली नाही, सबब भेदभाव सिद्ध होत नाही.

"गोरे पाटी तरी लावत होते काका," मोनाली म्हणाली. "मानसाच्या चकरा तं वाचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः पाटी रंगवून त्यांच्या फाटकावर टांगली: 'खोली भाड्याने देणे आहे. आडनाव पाहून.' खाली त्यांचाच फोन नंबर. बबनरावांना तोंड लपवायला जागा उरणार नाही, अशी तिची खात्री होती.

संध्याकाळपर्यंत चौदा फोन आले. चौदाही जणांनी आधी आडनाव सांगितलं, मग भाडं विचारलं. पाटीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बबनरावांनी पाटी तारेने पक्की बांधली आणि समितीने मोनालीच्या आभाराचा ठराव केला.

खोली तिला मिळाली सेवाग्रामात. शकुंतलाबाईंनी एवढंच विचारलं, "नळ पाचले येते. उठशीन ना?"

आता एकच सांगायचं राहिलं. या गोष्टीत मोनालीचं आडनाव कुठेच आलेलं नाही. तरी बबनरावांनी खोली का नाकारली, हे कळायला तुम्हालाही चहा निवेपर्यंत वेळ लागला नाही.