कलिंगडाच्या बियांचा तह

जिने फळाच्या गरात गोडी घातली आणि उरलासुरला ऐवज कवचाआड दडविला, त्या देवतेस प्रथम नमस्कार. मग वृत्तांत ऐसा की, शके १९४४, शुभकृतनाम संवत्सरी, चैत्र मासी, एका राज्यी ही हकीकत घडली. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. विस्तार म्हणावा तर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दक्षिणेकडील गॅलरी. तेथे श्रीमंत मोरेश्वरराव राज्य करीत होते. राजांनी तीस वर्षे माती परीक्षण प्रयोगशाळेत सेवा केली होती, आणि सेवा सरली तरी परीक्षणाची खोड सरली नव्हती, आणि गावची माती आता कोणी आणोन देईना, म्हणोन राजांची दृष्टी घरातील फळांच्या बियांवर गेली. मग पुस्तके आणविली, तक्ते पाहिले, आणि हुकूम सोडिला की या राज्यात यापुढे बी टाकू नये. कलिंगडाच्या बियांत मॅग्नेशियम, खरबुजाच्या बियांत जस्त, फणसाच्या आठळीत पोटॅशियम, आणि लोह थोडेबहुत सर्वांत, ऐसे राजे जेवताना सांगत. सफरचंदाच्या आणि सीताफळाच्या बिया मात्र विषारी म्हणोन त्यांस हद्दपार केले. बाकी सर्व बिया धुवोन, गॅलरीत ताटांतून वाळवोन, भाजोन, बरण्यांत भरोन, वर राजांच्या हस्ताक्षरात चिठ्ठ्या लागल्या. बरण्या सतरा जाहल्या आणि मसाल्याच्या डब्यांस माळ्यावर जावे लागले.

राणीसाहेब कुमुदिनीबाई यांस हे मानवेना. त्या म्हणाल्या, "अहो, देवानं जे थुंकायला दिलंय ते तुम्ही बरणीत भरताय. काही नसतं हो त्यात."

राजे म्हणाले, "अगं, तुझं हिमोग्लोबिन नऊ आहे. जिने चढताना धाप लागते तुला. चमचाभर खाऊन तर बघ."

"गोळ्या घेते मी."

"विसरतेस."

"मग विसरू दे."

ऐसे तीन वेळा बोलणे जाहले आणि तीन वेळा राजांस माघार घ्यावी लागली. मग राजांनी गनिमी कावा योजिला. गुढीपाडव्यास थोरल्या भगिनी शरयूआक्का जेवावयास येणार होत्या. राजांनी खरबुजाच्या बिया घाईने, न सोलता, कवचासकट मिक्सरात घातल्या आणि ती पूड कोणास न कळविता श्रीखंडात मिसळिली. आक्कांनी पहिला घास घेतला, थांबल्या, दाढेखाली काही करकरले, आणि आक्का म्हणाल्या, "मोरू, चक्का कुठल्या नदीकाठी टांगला होतास रे?" राणीसाहेब इतक्या हसल्या की त्यांस ठसका लागला. मोहीम फसली. परंतु राजे खचले नाहीत. त्यांनी चिमटा आणविला आणि दररोज दुपारी एकेक बी सोलावयास बैसले. घटकाभरात वाटीचा तळही झाकत नसे.

पुढे शके १९४५, शोभकृतनाम संवत्सरी, श्रावणात राजांचे पाय सुजले. रक्त तपासिले, पोट तपासिले, आणि मूत्रपिंडांनी काम टाकिले आहे ऐसे निष्पन्न जाहले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार बोलत नव्हत्या. त्यांनी पथ्याचा छापील कागद दिला. राजांनी चष्मा लाविला, कागद वाचला, आणि त्यांचा चेहरा ऐसा उजळला की राणीसाहेब घाबरल्या. कागदावर नारळपाणी होते, केळे होते, सुकामेवा होता, आणि त्याखाली स्पष्ट लिहिले होते की, कलिंगड, खरबूज, भोपळा यांच्या बिया वर्ज्य, कारण त्यांत पोटॅशियम आणि फॉस्फरस अधिक असते.

"ऐकलंस?" राजे भर दवाखान्यात म्हणाले. "छापलंय! काही नसतं म्हणतेस ना? नसतं तर बंदी कशाला घातली असती?"

राणीसाहेब म्हणाल्या, "बरं. आहे. पुष्कळ आहे. आता तुम्ही त्याला हात लावायचा नाही."

राजांनी मान डोलाविली आणि हुकूम मात्र मानिला नाही. इतके दिवस लोकांनी ज्यास केर म्हटले त्यास आता सरकारी मान मिळाला आणि त्याच दिवशी ते सोडावे, हे त्यांस पटेना. चौथ्या दिवशी सदरा धुवावयास टाकिताना खिशातून भाजलेल्या बिया निघाल्या. मग त्या राज्यात जे बोलणे जाहले ते शेजारच्या दोन राज्यांनी ऐकिले. शेवटी राणीसाहेब खुर्चीवर बैसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मरायचंय का तुम्हाला?" राजांनी त्या बिया गोळा करोन वाटीत घातल्या आणि वाटी राणीसाहेबांपुढे सरकविली. मग राजे म्हणाले, "मी सोडतो. तू धर."

ऐसा तह जाहला. मसुदा राजांच्या कन्येने वहीच्या पानावर लिहिला. कलम पहिले, राजांनी बी तोंडात घालू नये, खिशात ठेवू नये, वासही घेऊ नये. कलम दुसरे, राणीसाहेबांनी दररोज न्याहारीबरोबर एक चमचा पूड खावी आणि गोळीही विसरू नये. कलम तिसरे, पूड खाताना तोंड वाकडे करू नये. यावर राणीसाहेब अडल्या, आणि वाटाघाटी चहा निवेपर्यंत चालल्या, आणि मग ठरले की तोंड वाकडे करावे परंतु थुंकू नये. राजांनी सही केली. राणीसाहेबांनी सही केली आणि शिक्का नाही म्हणोन कुंकवाचे बोट उमटविले.

तह दोन्ही पक्षांनी पाळिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की बियांत खनिजे असतात खरी, परंतु सगळी अंगी लागत नाहीत, भिजवोन भाजिल्यास काही अधिक लागतात. म्हणोन राजे बिया आधी रात्रभर भिजवीत, मग वाळवीत, मग सोलोन भाजीत, आणि ज्यांचा एक दाणा स्वतःस चालत नव्हता त्यांचा खरपूसपणा केवळ रंगावरोन ओळखीत. आठवड्यास तीन वेळा डायालिसिसची स्वारी निघे. मधल्या दिवशी चिमटा चाले. दिवाळीनंतर राणीसाहेबांचे हिमोग्लोबिन साडेदहा भरले. डॉक्टरीणबाईंनी श्रेय गोळीस दिले. राजे म्हणाले, "गोळीला मानाचा नारळ देऊ. लढल्या बियाच." राणीसाहेब म्हणाल्या, "लढले मी. चव बघा एकदा त्याची." आणि लगेच म्हणाल्या, "नाही, नका बघू."

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, कार्तिक शुद्ध नवमीस, सकाळी, अर्धा चहा ठेवोन राजे कैलासवासी जाहले. गलबला जाहला नाही.

चौदावे सरले आणि पाहुणे पांगले. शरयूआक्का तेवढ्या राहिल्या. न्याहारीस उपमा होता. राणीसाहेबांनी बरणी काढिली आणि चमचा भरिला, तेव्हा आक्का त्यांचा हात धरोन म्हणाल्या, "कुमुद, सोड गं आता. कोण बघतंय?"

राणीसाहेब म्हणाल्या, "वन्सं, तहात मुदत घातलेली नाही."

आणि चमचा तोंडात घातला, वर पाणी प्यायल्या. मग बरणी उजेडाकडे धरोन आत किती उरले ते पाहिले आणि कन्येस विचारिले, "पौषापर्यंत पुरेल. कलिंगडं कधी येतात गं बाजारात?" आणि पुन्हा विचारिले, "आणि तो चिमटा धरायचा कसा, तुला दाखवलं होतं का त्यांनी?"

कन्येस दाखविले नव्हते. मग दोघींनी मिळोन एक बी सोलिली. ती मोडली. दुसरी घेतली.

वृत्तांत इतकाच. फळांच्या बियांत खनिजे असतात याविषयी या राज्यात आता वाद नाही. त्यांतील किती अंगी लागतात, याचा निवाडा अद्याप जाहला नाही. जैसे पाहिले तैसे लिहिले. अधिकउणे असेल ते वाचणाराने पदरात घ्यावे.