खळ्यांबाबत एकमत

नगरपालिकेच्या वृद्धाश्रमातल्या खोल्या थंड असल्याची बाब हिवाळा तोंडावर आल्यावर समितीसमोर रीतसर मांडण्यात आली. आमच्या गावात जमिनीखालून गरम पाणी फिरतं. आश्रमाच्या तळघरात ते पोलादी पत्र्यांमधल्या अरुंद फटींतून वाहतं आणि पत्र्यापलीकडच्या, आश्रमाच्या खोल्यांतून फिरणाऱ्या पाण्याला आपली ऊब देतं. पत्रे गुळगुळीत होते. गुळगुळीत पत्र्यालगतचं पाणी सुस्तावतं, त्याचा थर पांघरुणासारखा मध्ये बसतो आणि ऊब अलीकडेच अडकते.

इंगेला ही नगरपालिकेची अभियंता. तिचे वडील आल्गोत याच आश्रमात होते आणि लोकरीची टोपी घालूनच जेवत. तिने नव्या पत्र्यावर, गालावर पडतात तशा, खळ्या पाडल्या. खळीशी पाणी अडखळतं, घुसळतं आणि तो सुस्त थर मोडतो. चाचणीत जवळजवळ दुप्पट उष्णता पलीकडे गेली.

बैठक कॉफी आणि दालचिनीच्या पावासोबत झाली. आमच्याकडे मतदान जरा असभ्य समजतात; सगळ्यांना पटेपर्यंत चर्चा करतात. शिवाय अध्यक्षालाही अरे-तुरे करायची पद्धत असल्यामुळे त्याला नाही म्हणणं फारच अवघड जातं.

“कल्पना सुरेखच आहे,” अध्यक्ष स्टेलान म्हणाला. “फक्त पाण्याला जरा त्रास होतोय, असं वाटतं.”

“अरे, त्रास व्हायलाच हवा,” इंगेला म्हणाली. “पंपाला थोडा जास्त जोर लागेल, तेवढा जोर त्याच्यात आहे.”

“पण पंप सांभाळणाऱ्यांना काय वाटेल गं?” कल्याण विभागाची मोना म्हणाली. “आणि ग्रंथालयाचे पत्रे गुळगुळीतच राहणार. त्यांना डावलल्यासारखं नाही का होणार?”

“मग खळ्या निम्म्या खोल करू,” स्टेलान म्हणाला. “कुणाची हरकत?”

सगळे पावावरची साखर वेचत होते. एकमत झालं.

पुढच्या बैठकीत पंपवाल्यांच्या भावना लक्षात घेऊन खळ्या आणखी निम्म्या झाल्या. त्यापुढच्या बैठकीत ग्रंथालयाच्या भावना होत्या. “याहून उथळ केल्या तर उपयोगच नाही,” असं इंगेला जरा मोठ्याने म्हणाली, तेव्हा मोनाने तिच्या हातावर हात ठेवून विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?”

अखेर सर्वांना मान्य झालेली खळी बोटाला लागत नव्हती. ‘खळ्यांचे पत्रे’ हे नाव मात्र कायम राहिलं, कारण खळ्यांना मुळात कुणाचा विरोधच नव्हता.

पत्रे बसवल्यावर स्टेलानने तळघरातल्या एका नळावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. “बघ, कसला सणसणीत तापलाय!”

“तो परतीचा नळ आहे, स्टेलान. तो तापलाय म्हणजे ऊब आश्रमात उतरलीच नाही.”

“तुला ना, कशातच चांगलं दिसत नाही.”

परतीचं पाणी जाता जाता नगरपालिकेसमोरच्या फुटपाथखालून जातं, बर्फ वितळवायला. त्या हिवाळ्यात फुटपाथ इतका कोरडा राहिला की गावाने समितीचं कौतुक केलं. जानेवारीत आल्गोत आश्रमातली खुर्ची ओढत तिथे येऊन बसले. मागोमाग बाकीचेही आले.

“बाबा, अहो बाहेर पाणी गोठतंय!”

“पाय तर गरम आहेत, पोरी. आत तेही नव्हते.”

समितीने तातडीने दखल घेतली. ज्येष्ठांमध्ये मोकळ्या हवेची आवड वाढत असल्याबद्दल समाधान व्यक्त झालं आणि फुटपाथवर बाकं बसवण्याची सूचना आली. इंगेला उभी राहिली.

“माझी हरकत आहे. हे लोक बाहेर गारठून मरतील.”

स्टेलानने तिच्या कपात कॉफी ओतली. “छान मांडलंस. आम्ही ऐकलं. आता कुणाची हरकत?”

बाकं बसली. गुळगुळीत आहेत. रोज आम्ही त्यांच्यासमोरून जातो, टोपीवाल्या म्हाताऱ्यांना हात करतो. परवापासून आल्गोतांची जागा रिकामी आहे. तुम्हीही वाचत वाचत आत्ता तिथूनच इथवर आलात. कुठे अडखळला नाहीत ना? मग एकमत झालं, असं धरतो.