रांगेच्या पलीकडे काय आहे?

लेकीने दारातच चपला सरकवता सरकवता बजावलं, "बाबा, आज तुम्ही दोघं निवांत शहर बघा. मी रजा टाकलीय ती जागा शोधायला. आठ दिवसांत ही खोली सोडायचीय. दुसरी मिळाली नाही, तर नोकरी सोडून तुमच्याबरोबर परत यायचं. तेव्हा उगाच फोन करू नका आणि हरवू नका."

"हरवायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?" तिकीटमास्तर म्हणाले.

"बाळ असतात तर कडेवर नेलं असतं," असं म्हणून लेक पळाली. चौदा खोल्या बघून झाल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी हिच्या आधी कुणीतरी पोचलेलं असायचं. पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं आईला दिसत होती, पण करणार काय? परक्या शहरात आईबापांचा उपयोग तो किती!

चौतीस वर्षं रेल्वेच्या खिडकीत तिकिटं फाडली म्हणून त्यांना सगळे तिकीटमास्तर म्हणत. चौतीस वर्षांत त्यांनी समोरची रांग एकदाही मोडू दिली नाही. सख्ख्या मेहुण्याला शेवटी उभं केलं, त्याची गाडी चुकली, तो दोन वर्षं बोलला नाही. निवृत्तीनंतर मात्र गृहस्थांना भलतंच वेड लागलं. रांग दिसली की उभं राहायचं! का, कशासाठी, ते नंतर. "चौकशी करत बसलं की दहा माणसं पुढे जातात," हे त्यांचं शास्त्र. "आणि लोक काय येडे आहेत? एवढे उभे आहेत म्हणजे पलीकडे काहीतरी चांगलंच असणार."

रस्त्यावर पाऊल ठेवलं आणि गर्दीने दोघांना उचललंच. चालायचे कष्ट नव्हते, थांबायचे होते. दोन तासांत बायकोचे नवे बूट चावायला लागले.

"अहो, कुठेतरी टेकू या हो."

टेकायला बाक नव्हता. टेकायचं तर हॉटेलात. तिथे एका कॉफीची किंमत वाचून मास्तरांनी मेनूकार्ड उलटं करून बघितलं, मागे काही कमी लिहिलंय का. मागेही तीच कॉफी होती. दोघं पाणी पिऊन बाहेर पडले.

तेवढ्यात एका उंच इमारतीत रांग दिसली. मास्तर उभे. अर्ध्या तासाने नंबर लागला, दोघं आत गेले, दार बंद झालं आणि पोटात गोळा आला. ती लिफ्ट होती.

"चला, वरून शहर तरी दिसेल," मास्तर म्हणाले.

एकतिसाव्या मजल्यावर एक विमा कंपनी होती. खाली यायला पुन्हा रांग होती.

"आता पुन्हा रांगेत उभे राहिलात तर मी इथेच बसकण मारीन," बायको खाली आल्यावर म्हणाली. "पाय नाहीत हो, नुसते फोड आहेत."

असं म्हणेपर्यंत तिसरी रांग आलीच. एका जुन्या इमारतीच्या जिन्यात माणसं पायऱ्यापायऱ्यांवर उभी होती. कपडे इस्त्रीचे, हातात फाइली, चेहरे परीक्षेला बसल्यासारखे.

"बघ, बघ! एवढी नटूनथटून आलीत म्हणजे काहीतरी मोठं आहे. आणि मोठं असलं की खुर्च्या असतातच."

खुर्चीचं नाव काढल्यावर बायकोचा विरोध मावळला. वरून नंबराच्या चिठ्ठ्या वाटत एक एजंट उतरत होता. त्याने पांढरे केस बघितले, लंगडणारी बाई बघितली आणि म्हणाला, "आजी, तुम्ही कशाला उभ्या? चला, आधी तुम्हाला नेतो." मास्तर नको-नको म्हणेपर्यंत त्याने दोघांना तिसऱ्या मजल्यावर, थेट आत नेलं.

आत एक खोली. एक खाट, एक खिडकी, कोपऱ्यात शेगडीचा ओटा आणि स्टुलावर बसलेली एक म्हातारी. बायकोने इकडेतिकडे बघितलंच नाही. खाटेवर बसली, बूट काढले, "अगंबाई, काय छान वारा येतोय!" म्हणाली आणि आडवी झाली. मिनिटभरात घोरायला लागली.

मास्तर शरमेने लालेलाल. "अगं ए, ऊठ!"

"खबरदार उठवलंत तर!" म्हातारी म्हणाली. "सकाळपासून लोक येतायत. कुणी भिंत मोजतो, कुणी नळ वाजवतो, कुणी भाडं पाडून मागतो. या खोलीत सुखाने झोपलेलं माणूस आज पहिल्यांदा बघितलं. दिली तुम्हाला."

"काय दिली?"

"खोली. भाड्याने. त्याच्यासाठीच आलात ना?"

मास्तरांनी आत्ता कुठे खोलीकडे नीट बघितलं. खोली! लेकीचं तोंड डोळ्यांसमोर आलं. 'हो' म्हणायला ओठ उघडलेसुद्धा. पण त्याच क्षणी जिन्यातून आवाज आला.

"रांग मोडून आत घुसले? कोण ते म्हातारा-म्हातारी? आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत? मी हे चालू देणार नाही!"

आवाज ओळखीचा होता. मास्तरांनी दार किलकिलं केलं. खालच्या वळणावर, एजंटापुढे बोट नाचवत, त्यांच्यामागून येऊन रांगेला लागलेली त्यांची लेक उभी होती.

"बाबा?" तिचं बोट हवेतच राहिलं.

"कितवा नंबर तुझा?"

"एक्केचाळीस."

सगळा जिना बापलेकीकडे बघत होता. एक शब्द टाकला की पोरीचं काम होत होतं. मास्तरांनी जिन्यातली रांग वरपासून खालपर्यंत बघितली. मग वळून म्हातारीला म्हणाले, "बाई, खोली मला नको, माझ्या लेकीला हवी आहे. पण तिच्या पुढे चाळीस जण आहेत. आधी त्यांना बघू द्या."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कौतुकाचं, तिलाच कळेना.

"बघू देईन की," म्हातारी म्हणाली. "पण ही बाई उठल्यावर. माझ्या घरात झोपलेल्या माणसाला उठवत नाहीत."

एजंटाने जिन्यात जाहीर केलं, "आत एक बाई झोपल्यात. उठल्या की सुरू करू."

पहिला तास लोकांनी कसाबसा काढला. मग एकेकाची चुळबुळ सुरू झाली. कुणाला चार वाजता दुसरी जागा बघायची होती, कुणाची रजा अर्ध्या दिवसाचीच होती. दहावा गेला, सतरावा गेला, तेवीस आणि चोवीस भांडत गेले. मास्तर पायरीवर बसून प्रत्येकाला विनवत होते, "अहो, थांबा की! नंबर वाया जाईल!" पण या शहरात लोकांना पैशापेक्षा वेळ महाग. घोरणं मात्र एकसुरात चालू होतं.

साडेपाचला एजंटाने जिन्यात बघितलं, चिठ्ठीवाली एकच उरली होती. "एक्केचाळीस."

लेक आत गेली. म्हातारीने एकच प्रश्न विचारला, "ही तुझी आई?" आणि कागद पुढे केला.

सही होता होता आई जागी झाली. डोळे चोळत चारी भिंतींकडे बघितलं, बूट शोधले आणि लेकीला जवळ ओढून हळूच तिच्या कानात म्हणाली, "तू इथे कशी गं? चल आधी. घटकाभर झोपायला ठीक आहे, पण एवढ्याशा खोलीत राहायला येणार तरी कोण?"