कंदांच्या टेकडीची शांतता समिती

एका जंगलात, बालमित्रांनो, कंदांची एक टेकडी होती. तिच्या अलीकडे साळिंदरं राहत, पलीकडे रानडुकरं. टेकडी कोणाची यावरून त्यांचं सात वर्षं हाडवैर होतं. कंद इतके होते की दोघांनी पोट फुटेस्तोवर खाल्ले तरी उरले असते. पण उरलेले कंद कोणाचे, हा तत्त्वाचा प्रश्न होता.

हौसा साळिंदरीण रोज नवऱ्याच्या जखमांवर पाला चोळायची. तिचा नवरा केरबा साळिंदरांचा म्होरक्या होता ना!

एके दिवशी झटापटीत हौसाच्या धाकटीचा पाय मोडला. रानडुकरांच्या ठकूच्या पोराचा डोळा काट्याने गेला. दोघी आपापल्या लेकराला घेऊन एकाच ओढ्यावर आल्या.

"कोणता डोळा?" हौसाने विचारलं.

"डावा. तुझ्या पोरीचा पाय बसेल?"

"लंगडेल."

मग ठकू म्हणाली, "उद्यापासून उगवतीचा उतार तुमचा, मावळतीचा आमचा. चालेल?"

"चालेल. पण यांना कसं सांगायचं?"

"सांगायचंच नाही. पोरांना घेऊन आपणच खणायला लागू. पोरं मध्ये असली की कोण लढतंय?"

तसंच झालं. वैर संपलं. केरबाला पंधरा दिवस पत्ताच नव्हता. तो रोज लढायला जायचा आणि समोर कोणी नाही म्हणून जिंकून परत यायचा.

बातमी सिंहाच्या कानावर गेली. त्याने तातडीने शांतता समिती पाठवली. समितीत अकरा नर होते. स्त्रियांचा सहभाग हवा, असं सिंहाने बजावलं होतं, म्हणून हौसाला आणि ठकूला स्वागतगीत म्हणायला बोलावलं.

समितीने अभ्यासाअंती ठरवलं की लढाईचं मूळ घरच्या भांडणात असतं आणि घरच्या भांडणाचं मूळ बायकांच्या बोलण्यात. सबब जोडप्यांसाठी संवादकौशल्याचं शिबिर भरलं. मार्गदर्शक म्हणून कोकीळ आला. त्याची पोरं कावळ्यांनी वाढवली होती, त्यामुळे संसारावर बोलायला त्याला भरपूर वेळ होता.

"जोडीदार बोलत असताना मान डोलवा," कोकीळ म्हणाला. "मग म्हणा, तुझ्या भावना मी समजू शकतो. वाद मिटलाच."

हौसा उठली. "गुरुजी, धाकटीला चालवत नाही. रोज मीच तिला ओढ्यावर नेते. हे एकदाही येत नाहीत."

केरबाने मान डोलवली. "तुझ्या भावना मी समजू शकतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटीला त्या दिवशीही हौसानेच नेलं.

शेवटच्या दिवशी केरबाला वाटलं, शिकलेलं वापरून पाहावं. तो रानडुकरांच्या म्होरक्याला, रंगोजीला म्हणाला, "टेकडीबद्दल मोकळेपणाने बोलू या."

"बोलू या. टेकडी आमची."

"तुमच्या भावना मी समजू शकतो. टेकडी आमची."

दोघांनी माना डोलवल्या. डोलवता डोलवता केरबाचा काटा रंगोजीच्या नाकात घुसला. दुपारपर्यंत लढाई टेकडीभर पसरली. कोकीळ प्रशस्तिपत्रं न वाटताच उडाला.

हौसाला आधी रडू आलं, मग राग आला. ठकूला घेऊन ती थेट समितीच्या अध्यक्षाकडे, म्हाताऱ्या तरसाकडे गेली.

"अध्यक्षसाहेब, अभिनंदन! टेकडीवर शांतता झाली. तुमच्यामुळेच."

तरसाने बाहेरचा आरडाओरडा ऐकला. "झाली?"

"संध्याकाळपर्यंत होईल," ठकू म्हणाली. "फक्त तुम्ही अकरा जण आणि दोन्ही म्होरके सत्काराला सिंहाच्या गुहेकडे निघा."

"वाट तीन दिवसांची आहे," हौसा म्हणाली. "भाषणं धरून महिना लागेल. सावकाश या."

सत्कार म्हटल्यावर लढाई तिथेच थांबली. तेरा जण हार घालून निघाले. जाताना केरबाने बजावलं, "मी नाहीये, तर टेकडीकडे जरा लक्ष ठेव."

संध्याकाळी दोन्ही उतारांवर पोरं कंद खणत होती.

तात्पर्य : शांततेच्या कार्यात पुरुषांचा सहभाग अत्यावश्यक आहे. त्यांनी सत्काराला जावं, आणि शक्यतो लांबच्या वाटेने जावं.