खुनी तुमच्या पसंतीचा

एका शिंप्याची दुसऱ्या प्रकरणात घोर निराशा झाली. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्यातून उद्भवला.

शिंपी पन्नाशीचा होता आणि जुने कपडे नव्या मापात बसवून देण्यात त्याचा हातखंडा होता. अडचण एवढीच, की या धंद्यात उत्कंठेला काडीचाही वाव नाही. पँटची मोहरी कमी करायला घेतली, की ती शेवटी कमीच होते. कंबर सैल करायला घेतली, की सैलच होते. पंचवीस वर्षं प्रत्येक कामाचा शेवट आधीच ठाऊक असलेला हा माणूस मशीन चालवताना कानात इअरफोनची बोंडं खुपसून थरारकथा ऐकायचा. पुढे काय होणार हे माहीत नसणं, हे त्याचं दिवसातलं एकमेव सुख होतं.

'तिसरा कप' ही श्राव्य कादंबरी त्याला मेव्हण्याने सुचवली. एकतीस प्रकरणं, साडेअकरा तास. पहिल्याच प्रकरणात खुनी एका कारखानदाराला फोनवरून धमकावतो. निवेदकाने खुन्याला घोगरा आवाज दिला होता आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायची सवय दिली होती. शिंप्याच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या प्रकरणात कारखानदाराचा मृतदेह तपासायला घरचे डॉक्टर आले. त्यांनी घसा खाकरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "फार उशीर झालाय."

शिंप्याने मशीनवरचा पाय काढला. अजून एकोणतीस प्रकरणं शिल्लक होती आणि कथेतला एक इन्स्पेक्टर सोडला तर खुनी सगळ्यांना कळला होता.

त्याने कंपनीकडे तक्रार केली. तक्रारीचे प्रकार तीन होते: आवाज येत नाही, आवाज फार येतो, आणि इतर. शिंप्याने 'इतर' निवडून लिहिलं, "खुनी लगेच कळला. भरपाई नको, रहस्य हवं."

चार दिवसांनी श्रोता-समाधान अधिकारी जातीने दुकानात हजर झाल्या. खुर्चीवरचे अर्धवट उसवलेले कोट बाजूला सारून त्या बसल्या आणि त्यांनी फाईल उघडली.

"एकतिसाव्या प्रकरणात उघड होणारी माहिती आपल्याकडे दुसऱ्या प्रकरणात कशी आली?"

"कानातून आली, मॅडम."

"ती माहिती अधिकृतपणे फक्त तिघांकडे असते. लेखक, निवेदक आणि खुनी. आपण यांपैकी कोण?"

"मी शिंपी."

मॅडमनी 'चौथा' असं लिहून घेतलं.

"अहो, डॉक्टरांना दुसरा आवाज द्या ना," शिंपी काकुळतीला आला. "नाहीतर निवेदक बदला."

"निवेदकाशी आमचा तीन वर्षांचा करार आहे. खुन्याशी नाही. त्यामुळे खुनी बदलणं सोपं पडेल."

आणि खरोखरच खुनी बदलला. नव्या आवृत्तीत खून माळ्याने केला. पण त्यामुळे वेगळाच गहजब झाला. डॉक्टरला दुसऱ्या प्रकरणात ओळखून चारचौघांत फुशारकी मारलेले हजारो श्रोते एका रात्रीत तोंडघशी पडले. 'आमचा डॉक्टर आम्हाला परत करा' अशी मागणी जोर धरू लागली. उलट ज्यांनी माळी धरला होता, ते डॉक्टर परत आणू देईनात. कंपनीने समिती नेमली. समितीने सखोल अभ्यास करून निष्कर्ष काढला, की श्रोत्याला रहस्य नको असतं, बरोबर ठरणं हवं असतं. तेव्हापासून दुसरं प्रकरण संपलं की एक नम्र प्रश्न विचारला जाऊ लागला: "आपला संशय कोणावर आहे?" उत्तर द्याल तो खुनी.

कंपनीची भरभराट झाली. शिंप्याच्या घरात मात्र जेवताना वादाला तोंड फुटलं.

"ताई, मी म्हटलं नव्हतं? इन्स्पेक्टरच निघाला!" मेव्हणा म्हणाला.

"काहीतरीच काय! कारखानदाराच्या बायकोने कबूल केलं. ढसाढसा रडली बिचारी. मी या कानांनी ऐकलं."

दोघांनी एकमेकांच्या कानाला फोन लावले. एकाच खुनाची दोन जणांनी कबुली दिली, दोघांनीही आधी घसा खाकरला. ते ऐकून बहीण-भावाचं एकमत झालं, की समोरच्याचा फोन बिघडला आहे.

"अरे, पण मग खून केला कोणी?" शिंप्याने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?" बायको म्हणाली. "आपलं बरोबर आलं ना? भाजी वाढू का?"

शिंप्याला जेवण गोड लागेना. आता आपणच मुद्दाम चुकायचं, असं त्याने ठरवलं. त्या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं, 'पोपट'. साडेअकरा तास त्याने मोठ्या आशेने ऐकलं. एकतिसाव्या प्रकरणात पिंजऱ्यातल्या पोपटाने घसा खाकरला आणि सविस्तर कबुलीजबाब दिला. पाठोपाठ संदेश आला, "अभिनंदन! आपली नजर तीक्ष्ण आहे."

मग त्याने उत्तर दिलं, 'कोणावरही नाही'. या खेपेला एकतिसाव्या प्रकरणात कारखानदार जांभई देत उठून बसला आणि त्याने चहा मागितला. डॉक्टर 'फार उशीर झालाय' म्हणाले होते, ते घड्याळाकडे बघून. पुन्हा अभिनंदनाचा संदेश आला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून शिंपी थेट कंपनीच्या कचेरीत गेला.

"मॅडम, मला एकदा तरी चुकू द्या."

"तशी तरतूद नाही."

"अहो, अकरा तास एखाद्या भल्या माणसावर संशय घ्यायचा, आणि शेवटी आपलंच नाक कापलं जायचं! त्यात केवढी मजा असते!"

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. "मलाही आवडायचं हो," त्या हळूच म्हणाल्या. "लहानपणी पुस्तकाची शेवटची पानं मी आईकडे लपवायला द्यायचे. पण काय करणार? तक्रारी शून्यावर आल्यात."

"निदान मूळ खुनी कोण, ते लेखकाला तरी विचारा."

"विचारलं. त्यांनी नवी आवृत्ती ऐकली. त्यांचा संशय निवेदकावर होता. त्यांच्या प्रतीत निवेदकाला अटक झाली. त्यांना आता तेच पटलंय."

शिंप्याला भरून आलं. मॅडमनाही त्याची दया आली. त्यांनी स्वतः कागद पुढे केला आणि शिंप्याने विशेष अर्ज लिहिला: 'ज्या कथेचा शेवट मला आधी कळणार नाही, अशी एक कथा मिळावी.'

अर्ज वरच्या साहेबांकडे गेला, आणि आश्चर्य म्हणजे आठवड्याभरात मंजूर होऊन आला. शिंप्याने तो पातळ लिफाफा घाईघाईने फोडला. आत मंजुरीचा शिक्का होता, आणि त्याखाली भरून द्यायची एक रिकामी ओळ होती: 'आपल्याला कोणता अनपेक्षित शेवट अपेक्षित आहे?'

वाचकहो, हे असंच काहीतरी होणार हे तुम्ही मधेच कुठेतरी ओळखलं होतं, असं तुमचं म्हणणं आहे ना? अगदी बरोबर. तुम्ही जो ओळखला होता, तोच शेवट आम्ही छापला आहे. अभिनंदन!