ओळखीचं कुणी नसलेलं हॉटेल

शनिवारी संध्याकाळी साडेसहा वाजता जगदीशराव सोनवणे घरातल्या घरात फेऱ्या मारत होते. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, गॅलरीतून परत हॉलमध्ये. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, खाली मात्र पायजमाच. पँट चांगली घालायची की रोजची, हे कुठल्या हॉटेलात जायचं यावर ठरणार होतं आणि नेमकं तेच ठरत नव्हतं. सोफ्याच्या कडेला हेमलताबाई मोरपंखी साडी नेसून, मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. गेला पाऊण तास त्या तशाच बसल्या होत्या.

लग्नाला आज पंचवीस वर्षं झाली होती. मुलगी शिकायला पुण्यात. तिने सकाळीच फोनवर बजावलं होतं, "पप्पा, आज मम्मीला चांगल्या ठिकाणी जेवायला ने." जगदीशरावांनी मोठ्या तोऱ्यात "नेणार म्हणजे नेणारच" असं सांगून टाकलं. इथवर सगळं ठीक होतं. मग हेमलताबाईंनी अट घातली.

"ठिकाण कुठलंही चालेल. पण जेवून हात धुवेपर्यंत माझ्या कानावर 'मोजणी' हा शब्द आला, तर उद्या पहिल्या बसने मी माहेरी, सावद्याला."

"किती दिवस?"

"भाऊच्या बागेतली केळी संपेपर्यंत."

सावद्याची केळी संपल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. जगदीशरावांना डिसेंबरच्या थंडीत घाम फुटला.

त्यांचा तरी काय दोष? ते होते जमीन मोजणी ऑफिसात. आता तालुक्यात ज्याला शेत आहे त्याला शेजारी आहे, आणि ज्याला शेजारी आहे त्याला आपला बांध आत सरकलाय अशी खात्री आहे. त्यामुळे भाजीबाजारात, दवाखान्यात, लग्नात, कुठेही जगदीशराव दिसले की कुणीतरी खिशातून सातबारा काढायचं. मुलीच्या बारावीच्या निकालाचं जेवण एका गृहस्थांनी शेजारी खुर्ची ओढून खाल्लं होतं. हेमलताबाईंच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तर नवरदेवाच्या मामांनी भर पंगतीत नकाशा उलगडला होता, वरणाच्या वाटीवर.

"पंचवीस वर्षांत तुम्ही माझ्यासमोर बसून एक अख्खी भाकरी खाल्ली नाही," हेमलताबाई म्हणाल्या. आवाज चढवून नाही, साधंच. म्हणून ते जगदीशरावांना जास्त लागलं.

त्यांनी एका रद्द नकाशाच्या पाठीवर धुळ्यातल्या हॉटेलांची यादी केली आणि पेन्सिलीने एकेक खोडायला लागले. एकाच्या मालकाचा अर्ज दोन महिने त्यांच्या टेबलावर पडून होता. दुसऱ्याचा मॅनेजर ज्या गावचा, त्या गावात परवाच मोजणीवरून भांडण झालं होतं. तिसऱ्याच्या पार्किंगचीच हद्द वादात होती. शेवटी त्यांनी ऑफिसातल्या भूपेंद्रला फोन लावला.

"भूपेंद्र, धुळ्यात जिथे कुणी जात नाही असं चांगलं हॉटेल कुठलं रे?"

"साहेब, चांगलं असेल तर लोक जाणारच. आणि कुणी जात नसेल तर ते चांगलं कसं?"

"तत्त्वज्ञान नको. नाव सांग."

"मग चंद्रिकाला जा. आपल्या देवपुरातच आहे. मागच्याच आठवड्यात उघडलंय, अजून कुणाला माहीत नाही."

जगदीशरावांनी चांगली पँट चढवली.

'चंद्रिका' खरंच रिकामं होतं. त्यांनी खांबामागचं टेबल धरलं. वेटरने पाणी आणलं, मेनूकार्ड आणलं. हेमलताबाईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली, हे फार चांगलं लक्षण होतं. त्या सूप बघत होत्या, तेवढ्यात खांबाच्या पलीकडून एक पांढरी टोपी हळूच पुढे आली. टोपीखाली कापडण्याचे अभिमन आबा होते. ते नातवाबरोबर आले होते.

"भाऊसाहेब! तुमी आठे? मी तं तुमनी वाट देखी ऱ्हायनू महिनापाईन!" आबांचा हात पैरणीच्या खिशात गेला. "आमना गटनी मो..."

जगदीशराव खुर्चीसकट मागे सरकले. "आबा, आम्ही फक्त पाणी प्यायला आलो होतो!" त्यांनी दोन्ही ग्लास एका दमात संपवले, हेमलताबाईंचासुद्धा, आणि त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. वेटर मेनूकार्ड घेऊन दारापर्यंत आला होता.

"झालं?" स्कूटरजवळ जगदीशरावांनी भीत भीत विचारलं.

"'मो' झालं. पुढचं नाही झालं. हे माफ," हेमलताबाई म्हणाल्या. क्रिकेटचा पंच इतका काटेकोर नसतो.

पांझरेचा पूल ओलांडून ते शहरात आले. आता जगदीशरावांनी डोकं चालवलं. गावाकडचे लोक गच्चीवरच्या हॉटेलात जात नाहीत, त्यांना उघड्यावर जेवायचं असेल तर शेत आहे. म्हणून त्यांनी एका चार मजली इमारतीच्या गच्चीवरचं हॉटेल निवडलं. वर रंगीत दिवे होते, मंद गाणी होती आणि दोन टोकांच्या दोन टेबलांवर, एकमेकांकडे पाठ करून, मगन आणि चिंधा हे दोन सख्खे भाऊ आपापली मंडळी घेऊन बसले होते. या दोघांच्या सामायिक बांधावर सोमवारी सकाळी दहा वाजता जाणार होते जगदीशरावच. तशी दोघांना नोटीस गेली होती.

"साहेब, इकडे या ना. जागा आहे," मगन उठला.

"साहेबांना मी आधी पाहिलं," चिंधा त्याच्याही आधी उठला होता. "साहेब, वहिनी, या. पनीर आत्ताच आलंय, गरम आहे."

"याचं पनीर खाऊ नका साहेब. हा खाऊ घालतो आणि मग बांध मागतो."

"बांध कुणी खाल्ला ते सोमवारी कळेल!"

जगदीशराव मधोमध उभे. मगनजवळ बसावं तर चिंधा वरिष्ठांकडे तक्रार करणार, चिंधाजवळ बसावं तर मगन. तिसऱ्या टेबलावर बसावं, तर ते कुणाच्या बाजूला जास्त जवळ आहे यावरून वाद. दोघांच्या बरोबर मधलं एक टेबल त्यांनी नजरेने शोधलंसुद्धा, पण तेवढ्यात मगनने एक पापडाची ताटली तिथे पाठवली आणि लगेच चिंधाने मसाला ताकाचे दोन ग्लास. मग पापड आधी पोहोचला की ताक, यावर दोन्ही भावांच्या बायका बोलायला लागल्या. पोरंही उभी राहिली. कुणीतरी गाणी बंद केली.

"तुम्ही जेवा. आम्ही फक्त वारा खायला आलो होतो," असं म्हणून जगदीशराव जिन्याकडे वळले. चार मजले उतरून खाली आल्यावर हेमलताबाई म्हणाल्या, "बांध दोनदा झाला. शब्द अजून नाही झाला."

"हेमा, तुला भूक लागली असेल."

"पाणी आणि वारा झालाय ना. पोट भरलं."

हे मात्र जगदीशरावांच्या फार जिव्हारी लागलं. त्यांच्या ऑफिसातलं नवं यंत्र आकाशातल्या उपग्रहांना विचारून शेताचा कोपरा बोटाएवढ्या फरकाने दाखवायचं, आणि त्यांना स्वतःच्या बायकोला शांतपणे जेवू घालण्याएवढी जागा अख्ख्या शहरात सापडत नव्हती. त्यांनी स्कूटर पारोळा रस्त्याला लावली. जिथे आपला तालुका संपतो तिथेच थांबायचं, असं ठरवूनच. वाटेत तीन बरे ढाबे गेले. हेमलताबाईंनी तिन्ही वेळा खांद्यावर बोट टेकवलं, जगदीशरावांनी तिन्ही वेळा मान हलवली. हद्दीचा दगड मागे गेल्यावर मग एका ढाब्यासमोर त्यांनी ब्रेक दाबला.

ढाबा कसला, पत्र्याची शेड. चार बाजा, दोन टेबलं आणि आत चुलीवर भाकऱ्या थापणारी एक बाई. मालक सुकलालभाऊ स्वतःच पाणी घेऊन आले. जगदीशरावांनी त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. चेहरा साफ अनोळखी! त्यांना त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

"कोठला शेतस पाव्हना?" सुकलालभाऊंनी विचारलं. "काय कामधंदा?"

"सावद्याचे आम्ही. केळीचा व्यापार," जगदीशरावांनी ठोकून दिलं. हेमलताबाईंनी भुवया उंचावल्या.

शेवभाजी आली. वर लालभडक तर्री, बाजूला कांदा, लिंबू, पापड आणि चुलीवरून थेट ताटात पडलेली भाकरी. हेमलताबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. पंचवीस वर्षं त्या शेवटची भाकरी खात आल्या होत्या, तीही ओट्याशी उभ्याने. आज पहिली भाकरी त्यांची होती. जगदीशराव समोर बसून, कुठेही न बघता, जेवत होते. त्यांना वाटलं, झालं बुवा एकदाचं.

तेवढ्यात सुकलालभाऊ बाज ओढून जवळ बसले. "बरं झायं तुमी भेटनात. मन्हा साडूनी केळीवर करपा पडना शे. काय फवारानं?"

जगदीशरावांनी घाईघाईने लिंबू पिळायला घेतलं. "फवारा... म्हणजे... फवारायचंच. चांगलं फवारायचं."

"पण काय?"

"आधी रोगट पानं कापा आणि बागेबाहेर न्या," हेमलताबाई मध्ये पडल्या. "बागेतच टाकलीत तर नुसतं फवारून काय उपयोग?" शेवटी सावद्याची लेक होती. सुकलालभाऊंनी बाज त्यांच्याकडे वळवली आणि जगदीशरावांकडे पाठ केली.

"करपा परवडस ताई, पन शेजारी परवडत नई," त्यांनी उसासा टाकला. "आठे मांगे मन्हं शेत शे. शेजारीनी बांध कोरी कोरी दोन हात आत लयना. सोमवारले वकीलकडे जास मी. कोर्टमा खेचस त्याले."

जगदीशरावांनी मान खाली घातली, ओठ घट्ट मिटले आणि फक्त भाकरीकडे बघत राहिले. आता काय वाटेल ते होवो, आपण तोंड उघडायचं नाही.

"वकील कशाला?" हेमलताबाई घास गिळत म्हणाल्या. "आधी मोजणी करून घ्या."

जगदीशरावांचा हात तोंडापाशीच थांबला. तर्रीचा थेंब चांगल्या पँटवर पडला. हेमलताबाईंच्या मात्र काही लक्षातच आलं नाही. त्यांनी आपल्या ताटातला पापड पुढे ओढला.

"हे तुमचं शेत समजा. ढाबा कुठल्या अंगाला?"

"उगवतले."

त्यांनी कांद्याच्या चार फोडी पापडाच्या चार कोपऱ्यांवर ठेवल्या. "या हद्दीच्या खुणा. विहीर?" विहिरीच्या जागी लिंबाची फोड बसली. "अर्ज ऑनलाइन करायचा. नियमित नको, द्रुतगती करा. लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते द्या, एकही सोडायचा नाही. सुटला, की मोजणीच्या दिवशी तोच येऊन आडवा पडतो."

"ओ, आठे ये!" सुकलालभाऊंनी आत हाक मारली. त्यांच्या पत्नी भिकुबाई पिठाचे हात घेऊन आल्या, पापडावर वाकल्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मी हाईच सांगी ऱ्हायनू दोन वरीसपाईन!" मग त्या एक गरम भाकरी हेमलताबाईंच्या ताटात टाकून तिथेच बसल्या.

"आणि मोजणीदार आला की त्याला जेवायला घालू नका," हेमलताबाई सांगत होत्या. "शेजाऱ्याला वाटतं, तुम्ही त्याला फोडलं. चहासुद्धा दोघांनी मिळून पाजायचा."

जगदीशराव थक्क होऊन ऐकत होते. रोज रात्री जेवताना ते ऑफिसचं रामायण सांगायचे आणि हेमलताबाई तव्याकडे तोंड करून उभ्या असायच्या. त्यांना वाटायचं, ही ऐकत नाही. हिने तर शब्दन् शब्द ऐकला होता. त्यांना बायकोचा फार अभिमान वाटला आणि थोडी लाजही वाटली, कारण तिच्या बोलण्यातलं आपल्याला इतकं काही सांगता आलं नसतं. करप्याचंच बघा ना.

तेवढ्यात हेमलताबाईंनी विहिरीजवळची खूण जरा चुकीच्या जागी ठेवली. जगदीशरावांना राहवेना. "ती फोड जरा अलीकडे..."

"दादा, तुमले यामधलं काय समजस?" सुकलालभाऊ मागे न बघताच म्हणाले. "तुमी जेवा. ताईले बोलू द्या."

मग जगदीशराव जेवले. अडीच भाकऱ्या, दोन वाट्या शेवभाजी, वर गुळाचा खडा. कुणी काही विचारलं नाही. कित्येक वर्षांत ते इतकं निवांत जेवले नव्हते. हेमलताबाईंच्या ताटातल्या दोन्ही भाकऱ्या तोवर गार झाल्या होत्या.

परतताना त्यांनी धुळ्याच्या बसस्थानकासमोर स्कूटर उभी केली.

"इथे कशाला?"

"सावद्याची पहिली गाडी किती वाजता आहे ते विचारून येतो," जगदीशराव गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "अट म्हणजे अट. शब्द कुणी काढायचा, हे काही तू सांगितलं नव्हतंस."

हेमलताबाईंनी पदर सारखा केला. "जाईन ना. मी कुठे नाही म्हणते? पण मंगळवारच्या आत परत यावं लागेल."

"एवढ्यात केळी संपली?"

"सुकलालभाऊंना मी आपला धुळ्यातला पत्ता दिलाय. ते मंगळवारी सातबारा घेऊन घरी येणार आहेत. संध्याकाळी, जेवायच्या वेळेला."

"घरी?" जगदीशरावांचा आवाज चिरकला. "अगं, माझ्याकडे घरी कशाला?"

"तुमच्याकडे कुठे? माझ्याकडे येणार आहेत," हेमलताबाई म्हणाल्या. "तुम्ही केळीचे व्यापारी. तुम्ही तेवढ्या भाकऱ्या टाका."