बिसखोपडीचा झिबल

आमच्या गावचा झिबल दगडांची परवानगी घेऊन पुढे जातो. माझ्या धानाच्या दोन बांद्यांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दगडांचा मोठा ढीग आहे. आज्यापासून आम्ही धानाच्या वावरातले दगड वेचून तिथंच टाकत आलो. त्या ढिगाजवळ आला की हा सायकलवरून उतरतो, चपला हातात घेतो आणि म्हणतो, "चाललो वो बाई, झोपा तुमी."

बाई म्हणजे बिसखोपडी. पालीच्या जातीची, पण पिवळी, अंगावर काळे पट्टे, शेपटी जाड. ती चावली की माणूस पाणीसुद्धा मागत नाही, असं नाकाडोंगरीकडे लहान पोरालाही ठाऊक. दिसली की काठी. मीही दोन मारल्या आहेत, खोटं कशाला बोलू.

झिबल मँगनीजच्या खाणीत सुरुंगाच्या कामावर होता. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, हा पालीला लागला. कॅमेरा घेऊन एक सर आले होते. ते म्हणाले, हिला विष नसतं, थोड्याच उरल्या आहेत, टेकड्या फोडून गिट्टी होऊन राहिली तर राहतील कुठं? मला अर्धं समजलं. झिबलला दुप्पट समजलं.

तेव्हापासून कुणीही भेटो, "पापन्या हायेत तिले, पापन्या! घरच्या पालीले हायेत काय?" मयतीतसुद्धा हेच. माझी बायको गेली त्या दिवशी मात्र गप्प बसला होता.

एकदा त्यानं भर चौकात बिसखोपडीच्या तोंडात बोट दिलं. चावली. तिला ढिगात सोडून आला आणि दिवसभर पाराजवळ बसून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "पाय बरं, मेलो काय मी?" चहावाल्यानं चहा दिला नाही. "तू मरशीन आन् पोलीस मले धरतीन." त्याची बहीण रडत आली. संध्याकाळी हा उठला, म्हणाला, "भूक लागली." जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हाही गावात एवढी चर्चा झाली नव्हती. शेवटी गावानं ठरवलं, बिसखोपडी विषारीच, याचंच रक्त कडू.

यंदा उन्हाळ्यात मी तो ढीग काढायचं ठरवलं. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, बाया जमवणं बायकोचं काम होतं. ती नाही तर कोण करते? दोन बांद्यांची एक करायची, मग रोवणंही मशीननं करून घ्यायचं, मोकळं व्हायचं. झिबलला तोंडावर सांगितलं. त्यानं मशीन कधी येते तेवढं विचारलं.

जेसीबी आला त्या सकाळी हा टोपलं घेऊन हजर. मला वाटलं भांडेल. पण वाकून एकेक दगड उचलायला लागला.

"आधी मी काढतो, मंग तुमची मशीन."

ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, साप निंगंन."

"निंगू दे. तो बी भाडेकरूच हाय."

तासभर झाला. गुडघ्याएवढा खड्डाही झाला नाही. मग एक दगड अर्धा उचलून हा तसाच थांबला. खाली ओलसर मातीत दोन पांढरी अंडी, शेंगदाण्यापेक्षा थोडी मोठी.

"सोमा," त्यानं मला एवढीच हाक मारली. दगड हातात धरून उभा राहिला. खाली ठेवत नव्हता. ठेवला तर अंड्यांवर पडेल.

ड्रायव्हर हसला. मला कशाचा राग आला कोण जाणे. "हासतं काहून बे? ने तुही मशीन!" म्हणालो, आणि दगडाची दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून हळूच जिथला तिथं ठेवला. टोपल्यातलेही परत रचले. दोन बांद्या दोनच राहिल्या. रोवण्याच्या बाया आता मला जमवाव्या लागतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी झिबल डबा घेऊन माझ्या घरी आला. न विचारता बसला. भात, लाखोरीची डाळ. दोन माणसांना पुरेल एवढं.

"माह्यासाठी कायले रांदलं?"

"तुह्यासाठी नाई रांदलं," तो म्हणाला. "मले एकट्यापुरतं रांदताच येत नाई. रोज दोघांचंच होते."

"रोज? मंग उरलेलं?"

"सकाळी खातो."

डाळीत मीठ जास्त होतं. तरी ताट पुढं केलं, "वाढ अजून," म्हणालो.